चित्रपट, पुस्तक आणि शाळेचे कपाट
(प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मुले वाचीनाशी झाली आहेत व त्याला सिनेमा कारणीभूत आहे, ही तक्रार काही आजची नव्हे. जत्रेच्या गावी तंबूतला सिनेमा उतरत असे त्या काळीही ती ऐकू येई. घरोघर दूरदर्शनचे संच आले तेव्हा ती पुन्हा नव्याने झाली. २०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या, अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईल मुलांच्या हाती आला, आणि शाळा उघडल्या तरी तो हातून सुटला नाही. आता तर तालुक्याच्या चित्रपटगृहापर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. चित्रपट अंथरुणात शिरला आहे. तक्रारीचे शब्द मात्र तेच राहिले आहेत. एखाद्या तक्रारीला इतके दीर्घायुष्य लाभते तेव्हा तीत सत्याचा अंश किती आणि तक्रार करणाराची सोय किती, हे एकदा निवडून पाहणे बरे.

सत्याचा अंश तीत निश्चित आहे. मुलाच्या दिवसाचे तास ठरलेले असतात. शाळा, घरची कामे, खेळ आणि झोप वजा जाता जो थोडा वेळ उरतो, त्यातून अडीच तासांचा चित्रपट निघाला की पुस्तकाच्या वाट्याला काही येत नाही. याहून सूक्ष्म असा दुसरा तोटा आहे. ‘दिवस मावळला आणि गुरे घराकडे वळली’ एवढे सहा शब्द मुलाने वाचले म्हणजे त्याच्या मनात काय घडते ते पाहावे. गुरे त्याच्या ओळखीची असतात, वाट त्याच्या शिवारातली असते, धूळ आणि गळ्यातल्या घंटांचा नाद ते स्वतः पुरविते. लेखकाने सहा शब्द दिले. उरलेले सर्व मुलाने दिले. पडद्यावर हेच दृश्य आले म्हणजे गुरे, वाट, धूळ, नाद हे सारे तयार मिळते. चित्रपट पाहणारे मूल काहीच करीत नाही असे कित्येक जण म्हणतात, ते पुरते खरे नव्हे. तेही मागचे ध्यानात ठेवते, पुढे काय होईल याचा तर्क करते, हसते, रडते. परंतु मनात चित्र उभे करण्याचे श्रम त्याला पडत नाहीत. आणि ज्या श्रमांची सवय नाही ते जड वाटू लागतात, हा शेतातला नियम मनालाही लागू आहे.

पण हा तोटा सर्व मुलांना सारखा होत नाही, आणि तक्रार चुकते ती येथेच. चौथीतील ज्या मुलाला परिच्छेद अडखळल्यावाचून वाचता येतो, ते मूल चित्रपट पाहून आले तरी पुस्तक हाती लागताच वाचते. पुष्कळदा त्या चित्रपटामुळेच वाचते. ज्याला अजून अक्षरास अक्षर जुळवावे लागते त्याची गोष्ट निराळी. ओळीच्या शेवटास पोहोचेपर्यंत आरंभ विसरून जातो, वाक्याचा अर्थ लागत नाही. मग कथेची गोडी कोठून लागणार? कथेची भूक मात्र त्यालाही इतरांइतकीच असते, आणि ती पडद्यावर भागते. अशा मुलाने पुस्तक टाकले असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण पुस्तक त्याच्या हाती कधी लागलेलेच नसते. त्याचा सिनेमा बंद केल्याने ते वाचू लागणार नाही. ते केवळ गोष्टीला मुकेल. पहिली-दुसरीत वाचन पक्के करून घेण्याचे जे काम राहून गेले, ते सिनेमाच्या नावे मांडून खाते पुरे होत नाही.

सिनेमा आणि अक्षर यांचे वैर जन्मजात आहे असेही नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लागला. तो मूकपट होता. मूकपटात दृश्यांच्या मध्ये अक्षरांच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई तो त्या मोठ्याने वाची व शेजारचे निरक्षर प्रेक्षक ऐकत. म्हणजे सिनेमा समजण्यासाठी वाचणारा माणूस जवळ असावा लागे. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली मराठीत ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, आणि पडद्यावरून अक्षरे गेली. ती परत आणण्याची कल्पना अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली पुढे मांडली. गीत ज्या भाषेत गाइले जाते त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्याच्या तळाशी उमटवावयाचे आणि गाणाऱ्याच्या तोंडून शब्द निघताच त्याचा रंग पालटावयाचा, अशी ती साधी योजना. १९९९ साली गुजरातेत दूरदर्शनच्या गीतांच्या कार्यक्रमात आणि पुढे ‘चित्रहार’मध्ये तिचा अवलंब झाला. प्रेक्षक गाणे ऐकावयास बसतो, पण डोळा नकळत अक्षरांवरून फिरतो. आणि गाणे पाठ असल्यामुळे पुढचा शब्द कोणता हे कानाला आधीच ठाऊक असते. अर्धवट वाचता येणाराचे वाचन याने सुधारते. ज्याला अक्षरओळखच नाही त्याला मात्र याचा फारसा लाभ नाही, हेही सांगितले पाहिजे.

या प्रयोगास पडदा लागतोच असे नाही. वर्गातील सर्व मुलांना तोंडपाठ असलेले चित्रपटगीत फळ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहावे, मुलांनी ते म्हणावे आणि शिक्षकाने पट्टीचे टोक त्या त्या शब्दाखालून सरकवावे. दुसरीतील जे मूल पाठ्यपुस्तकाच्या कवितेला जांभई देते, तेच मूल येथे पट्टीच्या पुढे धावते. चित्रपटगीत फळ्यावर लिहिणे कमीपणाचे वाटत असेल तर तो संकोच सोडून द्यावा. ज्या गीतात अनुचित काही नाही असे निवडावे, म्हणजे झाले.

आता मराठी शाळेच्या अगदी जवळचे उदाहरण पाहावे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेला चित्रपट १९५३ साली आला. वनमालाबाईंनी त्यात आईची व माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली, आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. सत्तर वर्षांनी, २०२३ साली, सुजय डहाके यांनी याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला. एकच पुस्तक आणि दोन पिढ्यांचे दोन चित्रपट असा हा योग शिक्षकाच्या फार उपयोगाचा आहे.

परभणी जिल्ह्यातील मुलाला या पुस्तकात पहिली अडचण येते ती प्रदेशाची. त्याची जमीन काळी, त्याचे पीक ज्वारी, कापूस, सोयाबीन. त्याने पाहिलेले मोठे पाणी म्हणजे गोदावरीचे किंवा येलदरीच्या धरणाचे. कोकणातील घर, परसू, नारळी-पोफळी, समुद्र यांपैकी काहीच त्याच्या अनुभवात नाही. शब्द कळला तरी चित्र उभे राहत नाही. अशा ठिकाणी चित्रपट हा पुस्तकाचा शत्रू नसून वाटाड्या आहे. कोकणचे अंगण एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुस्तकाच्या पहिल्या वीस पानांत चुकत नाही. भाषेचेही तसेच. घरी ‘काय करायलास’ असे बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी परकी वाटते. ती बोलणारी माणसे त्याने पडद्यावर ऐकली, म्हणजे छापील वाक्याला कानात एक आवाज मिळतो. घरची बोली चुकीची नाही, ती वर्गात खुशाल बोलू द्यावी. पण दुसरी भाषा कानावर पडल्यावाचून वाचनात उतरत नाही.

आणि तरी चित्रपटाने काही हिरावून घेतलेलेही असते. चित्रपट आधी पाहिलेल्या मुलाच्या मनात श्यामच्या आईला नटीचा चेहरा असतो. न पाहिलेले मूल त्या जागी आपल्याच आईचा चेहरा बसविते. दुसऱ्या मुलाच्या दृष्टीने ते पुस्तक वेगळेच होऊन जाते. ‘थोर अश्रू’ या प्रकरणात आंघोळ झालेल्या श्यामला ओल्या तळव्यांना माती लागू द्यावयाची नसते, आणि आई आपल्या लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरून त्यावर त्याला पाय ठेवू देते. मग पायांप्रमाणेच मनालाही घाण लागू नये म्हणून जपावे, असे ती सांगते. हे वाचताना मूल थांबते. कापूस वेचून आलेल्या, खांदा अवघडलेल्या आपल्या आईने असे केले असते काय, केलेच आहे काय, हा विचार त्या थांबण्यात येतो. पडदा अशा वेळी थांबत नाही. (मोबाईलवरील चित्रपट थांबविता येतो हे खरे, पण तो कोणी विचार करण्यासाठी थांबवीत नाही.)

म्हणून शक्य असेल तेथे क्रम असा ठेवावा: आधी दोन-तीन प्रकरणे वर्गात मोठ्याने वाचावी, मुलांना आई, घर, अंगण यांची चित्रे काढावयास सांगावी, ती भिंतीवर लावावी आणि मग चित्रपट दाखवावा. तीस मुलांनी काढलेली तीस घरे भिंतीवर असली, म्हणजे पडद्यावरचे घर हे एकतिसावे ठरते, एकमेव ठरत नाही. लोकवर्गणीतून अनेक शाळांत दूरदर्शन संच आले आहेत. पाठ्यघटकांच्या चित्रफितींखेरीज त्यांचा हाही एक उपयोग आहे.

चित्रपट झाल्यावरचे काम त्याहून महत्त्वाचे. ‘श्यामची आई’ बेचाळीस रात्रींत विभागलेले आहे. एवढ्या रात्री दोन-तीन तासांत मावणे शक्य नाही. चित्रपटाने त्यातील काही घेतल्या, काही सोडल्या, काही एकत्र केल्या. शिक्षकाने पुस्तक जवळ घेऊन चित्रपट पाहावा आणि सुटलेल्या रात्री टिपून ठेवाव्या. दुसऱ्या दिवशी परिपाठात एवढेच सांगावे, की काल जे पाहिले त्यात न आलेली एक गोष्ट आज वाचावयाची आहे. सिनेमात नाही ते पुस्तकात आहे, हे ऐकताच मुलांच्या माना वर होतात. रोज एक रात्र याप्रमाणे कामाच्या बेचाळीस दिवसांत, म्हणजे सुमारे दोन महिन्यांत, पुस्तक पुरे होते. आरंभीच्या रात्री शिक्षकाने वाचाव्या, पुढच्या मुलांनी आळीपाळीने वाचाव्या. जे मूल अडखळते त्याला आदल्या दिवशीच त्याचा भाग देऊन तयारी करू द्यावी. चारचौघांत फजिती झाली की ते पुन्हा पुस्तक हाती धरीत नाही.

चित्रपटातून पुस्तकाकडे नेणारा असाच एक सोपा दरवाजा म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. २०१७ सालच्या चित्रपटात तो वैद्यकीय महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडू पाहणारा तरुण आहे. पुस्तकात मात्र तो फुरसुंगीचा शाळकरी बनेश फेणे आहे. पडद्यावरचा नायक पुस्तकात आपल्याच वयाचा निघतो, याचे मुलांना जे नवल वाटते ते वाया दवडू नये.

मुलांना वाचावयास लावणारा शिक्षक स्वतः वाचतो काय, हा प्रश्न अप्रिय असला तरी टाळण्याजोगा नाही. त्यांच्यासाठी एक पुस्तक सुचवावेसे वाटते. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि अमोल पालेकर यांनी तिच्यावर १९९५ साली चित्रपट केला. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवावयास गेलेल्या कोवळ्या वयाच्या मास्तरची ही कथा. वाडीवर पोहोचावे तो शाळेत मुले नाहीत, वाडीचा कारभारी काय म्हणेल याचा भरवसा नाही, आणि हळूहळू मास्तर हा कागद वाचणारा, भांडण मिटविणारा, पैसे पोहोचविणारा असा साऱ्या वाडीचा माणूस होतो. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे घेऊन माणसे जगावयास बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. जिंतूरच्या डोंगरी वस्तीवर किंवा पालम तालुक्याच्या आडगावी नोकरी केलेल्या शिक्षकाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

चित्रपटाने ते माळरान उत्तम दाखविले आहे. पण कादंबरी मास्तरने स्वतः सांगितलेली आहे. त्याची भीती, त्याचे एकटेपण, लोकांविषयी त्याचे चुकणारे अंदाज हे त्याच्या वाक्यांत आहेत, आणि वाक्यांतले सर्वच काही पडद्यावर येत नाही. शिक्षकाने आधी कादंबरी वाचावी, मग चित्रपट पाहावा, आणि काय उरले, काय गळले हे स्वतः अनुभवावे. हा अनुभव ज्याने घेतला तो मुलांना ‘पुस्तक चांगले की सिनेमा चांगला’ असा निष्फळ प्रश्न विचारणार नाही. तो विचारील, की सिनेमावाल्याने हा माणूस का गाळला असेल? ही गोष्ट दाखवावयाची तर तुम्ही आरंभ कोठून केला असता? या प्रश्नांना एकच उत्तर नसते, म्हणून मागच्या रांगेतील मूलही बोलते. आणि उत्तर देण्यासाठी पुन्हा पुस्तक उघडावे लागते.

या सगळ्याला एक गोष्ट आधी लागते. चित्रपट पाहून जागी झालेली इच्छा फार दिवस टिकत नाही. आज पाहिले, उद्या पुस्तक मागितले आणि परवा मिळाले तर मूल वाचते. पंधरा दिवसांनी मिळाले तर त्याच्या मनात दुसरा सिनेमा आलेला असतो. आणि पुस्तक मागितले असता काय होते? बहुतेक शाळांत पुस्तके आहेत. ती लोखंडी कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात आहे. यात शिक्षकाचा आळस असतो असे समजणे अन्यायाचे होईल. पुस्तक डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले असते. हरवले वा फाटले तर खुलासा द्यावा लागेल, पदरचे भरावे लागेल, ही भीती खरी आहे. तपासणीच्या दिवशी कोऱ्या पुस्तकांची रांग पाहून समाधान मानणारे अधिकारीही या भीतीस तितकेच जबाबदार आहेत. तपासणाराने प्रथम देवघेव नोंदवही मागावी आणि कपाट नंतर पाहावे, हे त्यांनाही सांगणे प्राप्त आहे. वापराने जीर्ण झालेले पुस्तक निर्लेखित करण्याची रीत दप्तरात आहेच. तिचा उपयोग करण्यास संकोच नको. सिनेमाला कुलूप नाही आणि पुस्तकाला आहे, अशा स्थितीत मुलाने कोणाकडे जावे?

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट फारच तीव्रतेने जाणवते. दिवाळीच्या आगेमागे गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते; कोयता, भांडी, अंथरूण, शेळी आणि लेकरे वाहनात चढतात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात, ही चांगली गोष्ट. सर्वच राहतात असे नाही. जी जातात ती कारखान्याच्या परिसरात कोपीत चार-पाच महिने काढतात. त्या गाठोड्यात मोबाईल असतो आणि मोबाईलमध्ये सिनेमे असतात. पुस्तक नसते. मुले परत येतात तेव्हा तिसरीत जुळवून वाचणारे मूल पुष्कळदा अक्षरही विसरून आलेले असते, आणि वर्ग तोवर पुढे गेलेला असतो. चार महिने त्याने सिनेमे पाहिले म्हणून ते मागे पडले, असे म्हणणे सोपे आहे. चार महिने त्याच्याजवळ दुसरे काय होते?

ही मुले निघण्यापूर्वी प्रत्येकास दोन-तीन पुस्तके बरोबर द्यावी. पातळ, ठळक टाइपाची, जोडाक्षरे थोडी असलेली, आणि एखादे तरी असे, की ज्यावरचा चित्रपट वा ज्यातील गोष्ट मुलाच्या ओळखीची आहे. ओळखीची कथा जुळवून वाचणाऱ्यालाही पुरी करता येते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याचे जुने अंक आंतरजालावर विनामूल्य वाचावयास मिळतात. पालकाच्या मोबाईलमध्ये त्यातले दोन-चार उतरवून द्यावे, म्हणजे सिनेमाच्या शेजारी एखादी गोष्टही नांदेल. नोंदवहीत त्या पुस्तकांपुढे ‘हंगामास दिले’ असा शेरा लिहावा आणि त्या शेऱ्यास मुख्याध्यापकांनी स्वाक्षरी करावी, म्हणजे जबाबदारी एकट्या वर्गशिक्षकावर राहणार नाही. मूल परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने वर्गापुढे उभे राहून तिकडे काय वाचले व काय पाहिले ही दोन्ही सांगावी. पाहिलेले सांगण्यास मज्जाव करू नये. पुस्तक चिखलाने माखून, पाने निसटून परत आले तर ते शिवून पुन्हा कपाटात ठेवावे. एखादे परत आलेच नाही, तर ते कोणत्या कारखान्यावर राहिले तेवढे लिहून ठेवावे. तेथे दुसरी मुले आहेतच.

यंदा टोळ्या निघण्यास फार अवधी नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी कपाटाची किल्ली वर्गात आणावी, पुस्तके सतरंजीवर मांडावी आणि कोणती न्यावयाची ते मुलांनाच निवडू द्यावे.